न बघता केलेली घरदुरुस्ती: आपापली रीत सांगा

अंध माणसाच्या हातात ड्रिल दिसलं की "राहू दे, मी करतो" हे ठरलेलंच. ते ऐकून कान किटलेत. नळ, भिंत, लाकूड, वीज ही कामं नेमकी कशी करता, तेवढं इथे लिहा.

*

गळका नळ बहुतेक वेळा वॉशर झिजल्यामुळे गळतो. मेन कॉक बंद करा, नळ सोडून पाइपातलं पाणी काढा आणि आधी मोरीच्या जाळीवर फडकं कोंबा, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट आत. नवा वॉशर बसवण्यापूर्वी करंगळी आतल्या सीटवर, म्हणजे वॉशर जिथे टेकतो त्या कडेवर, फिरवा. तिथे खाच लागली तर वॉशर कितीही बदला, गळणारच. ही खाच डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळते.

टेफ्लॉन टेप (जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची पट्टी) लावताना आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून चार वेढे द्या. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना टेप सुटून गोळा होते.

*

भिंतीत भोक: पेन्सिलीची खूण आमच्या उपयोगाची नाही. जाड चिकटपट्टी लावून खिळ्याने टोचा. खळगा बोटाला लागतो, बिटही घसरत नाही. 6 मिमीच्या गिट्टीला (भोकात बसणारी, स्क्रू धरणारी नळी) 6 मिमीचंच बिट. भोक किती खोल जावं ते ठरवणारी ड्रिलची दांडी गिट्टीच्या लांबीपेक्षा 5 मिमी जास्त ठेवा. दांडी भिंतीला टेकली की थांबायचं. शेल्फच्या दोन भोकांमधलं अंतर मोजत बसू नका, पुठ्ठ्याचा साचा करा.

आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती: बिट फिरत असताना "जपून!" म्हणत हात धरू नका. खरा अपघात त्यानेच होतो. बिट तिरकं जातं, भोक मोठं होतं, मग गिट्टी आतल्या आत फिरत राहते.

*

लाकूड मोजायला क्लिक रूल, म्हणजे टिक वाजणारी मोजपट्टी, घ्या. दांडी सरकवली की दर 1/16 इंचाला टिक वाजते. रेघ चाकूने ओढा, नखाला लागते. त्या रेघेवर गुण्या (काटकोनी पट्टी) क्लॅम्पने घट्ट बसवून करवत त्याला टेकवून चालवा. करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरलात तर फळी तेवढी तोकडी पडते.

*

विजेच्या कामात दिव्याचा टेस्टर बाद, आवाज करणारा किंवा थरथरणारा हवा. आधी तो चालू सॉकेटवर वाजतो का पाहा, मग फक्त कामाच्या जागेचा एमसीबी (त्या भागाची वीज तोडणारा स्विच) बंद करून तिथे तपासा, पुन्हा दुसरीकडच्या चालू सॉकेटवर. शेवटची तपासणी लोक गाळतात. मधल्या मधे सेल संपला असेल तर ती शांतता फसवी असते.

वायरी सोडण्यापूर्वी प्रत्येकीवर वेगळी खूण करा: फेजवर एक रबर, न्यूट्रलवर दोन, अर्थिंगवर गाठ. रंग ओळखणारं अ‍ॅप अंधुक उजेडात चुकतं. शेजारी डोळस माणूस असेल तर त्याला फक्त रंग विचारा, पकड मात्र आपल्याच हातात ठेवा.