चीजमागे धावणाऱ्यांवर बंदी? घाला की, काय फरक पडतो!

भोचकभाऊ
काल इथे कुणीतरी फतवा काढला, 'असले खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, बंदी घाला.' रोख ग्लॉस्टरजवळच्या कूपर्स हिलवर, जिथे उतारावरून चीजचं चाक सोडतात नि माणसं त्यामागे गडगडत जातात. अहो, २०१० साली अधिकृत स्पर्धा रद्द झालीच होती. लोक आपलंच चीज घेऊन टेकडीवर हजर! २०१३ला पोलिसांनी चीज करणाऱ्या ८६ वर्षांच्या आजींनाच तंबी दिली, म्हणून फोमचं चीज सोडलं. माणसं तरी खऱ्या चीजमागे आपटावीत तशीच आपटली.

सुलभाताई
'कुणीतरी' नाही, मीच. नाव घ्यायला जीभ जड झाली का? २०२३ मध्ये बायकांची शर्यत जिंकणारी मुलगी खाली पोचली तेव्हा बेशुद्ध होती. जिंकल्याचं कळलं ते वैद्यकीय तंबूत. माझा भाऊ असाच हौसेने उतारावरून धावला. दोन वर्षं स्टुलावर बसून अंघोळ! उस्तवार कुणी काढली? मी.

खवचट
भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण सगळेच खेळ हाडं मोडत नाहीत. फिनलंडात सोन्काजार्वीला बायको पाठीवर घेऊन २५३.५ मीटर धावतात. बक्षीस, तिच्या वजनाइतकी बिअर.

मनमौजी
शेजाऱ्याची बायकोही चालते. नियमातच आहे!

रोखठोक
हसा. ४९ किलोला कमी भरली तर तिच्या पाठीवर वजनाची पिशवी चढवतात. बाई आहे की पोतं? आणि त्या इस्टोनियन पद्धतीत ती डोकं खाली, पाय नवऱ्याच्या गळ्याभोवती. वाटेत पाण्याचा खड्डा. आधी नाकातोंडात कुणाच्या जाणार?

खवचट
बळजबरीने नेतात का तिला? उगाच कैवार!

मनमौजी
सहलीत मी ही पद्धत करून बघितली. दहाव्या पावलाला दोघंही चिखलात. माझं काही नाही, पण तिचा चष्मा गेला. चौथा महिना, अजून टोमणे.

रोखठोक
बरोबर केलं तिने.

भोचकभाऊ
अरे, धागा चीजचा आहे! पायथ्याशी रग्बीवाले गडी झेलायला उभे असतात, ते कुणी बोलेल का?

सुलभाताई
झेलतात, मान्य. बंदी नको तर नको, माझं काय जातंय! पण मोडून आल्यावर शेकायला बहिणीला हाक मारायची नाही.

मनमौजी
ती बिअर बाटल्यांसकट तोलतात की बाटल्या वगळून?