1 शमुवेल 8 : वडीलमंडळींची तक्रार खरी होती, मग चुकलं कुठे?

वानवडीकर
सलाम. घोरपडीतल्या घरगुती अभ्यासगटात बुधवारी बायबलमधला 1 शमुवेल 8 घ्यायचा आहे. माणसं दहा-बारा, वेळ 40 मिनिटं. इस्राएलचा संदेष्टा नि न्यायाधीश शमुवेल म्हातारा झालेला, त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबात न्यायाधीश असून लाच खातात. मग लोकांनी राजा मागितला तर बिघडलं काय? वर देवच म्हणतो, 'त्यांचं ऐक.' 'देवावर भरवसा ठेवा' एवढं सांगून गुंडाळायचं नाहीये. कसं घ्यावं?

पाटीपेन्सिल
राजा मागणं मुळात गुन्हा नव्हताच. 'अनुवाद' या पुस्तकात 17:14-20 मध्ये राजाची तरतूद आहे, अटींसकट: घोडे फार नकोत, बायका फार नकोत, सोनं-चांदी फार नको, नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी उतरवून आयुष्यभर वाचायची. खोच आहे ती पाचव्या वचनातल्या 'इतर राष्ट्रांप्रमाणे' या शब्दांत. विसाव्यात तेच पुन्हा येतं, जोडीला 'आमच्या लढाया लढेल'. एक अध्याय मागे जा. मिस्पाला शत्रूवर, म्हणजे पलिष्ट्यांवर, गडगडाट करून त्यांची दाणादाण कोणी उडवली? देवानेच. एबन-एजरचा दगड त्याचीच खूण, आणि यांना लढायला राजा हवाय.

गंमत पुढे आहे. रोग काय, तर बापामागून आलेली नालायक मुलं. उपाय काय मागितला, तर बापामागून मुलगाच गादीवर बसतो ती पद्धत! लाचखाऊंना काढा, असं कोणी म्हटल्याचं दिसत नाही. तक्रार खरी, औषध मात्र शेजारच्या घरातून आणलेलं.

रास्तापेठ_वाचक
वरचं पटलं. गटासाठी एक करून बघा: सगळ्यांना पेन्सिल द्या आणि 11 ते 17 वचनांत राजा काय काय 'घेईल' त्याखाली रेघ मारायला सांगा. मूळ हिब्रूत 'घेणे' हे एकच क्रियापद 11, 13, 14 आणि 16 मध्ये आहे: मुलगे, मुली, उत्तम शेतं नि द्राक्षमळे, दासदासी नि गाढवं. 15 आणि 17 मध्ये दशमांश, आधी धान्याचा, मग शेरडामेंढरांचा. मराठीत क्रियापदं थोडी बदलतात, म्हणून हे आधी सांगा. मग लगेच 12:3 उघडा. शमुवेल विचारतो, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? क्रियापद तेच. इथे काही समजावत बसू नका.

इशारा खरा ठरला का, असं कोणी विचारलं तर 1 राजे 4:22-23. पुढचा राजा शलमोन, त्याच्या घरचा रोजचा शिधा: 30 कोर सपीठ, 60 कोर पीठ, 10 पुष्ट बैल, कुरणातले 20, मेंढरं 100. कोर साधारण 220 लिटरचा धरतात, म्हणजे नुसतं सपीठच रोज 6,600 लिटर. बारा अंमलदारांकडे एकेक महिन्याची पाळी. पुढे त्याचा मुलगा रहबाम याच्या काळात याच जोखडावरून राज्य फुटलं, 1 राजे 12.

1 शमुवेल 12:17 ला, जिथे शमुवेल देवाकडे गडगडाट नि पाऊस मागतो, आपल्याकडचे लोक हमखास घसरतात. गव्हाच्या कापणीत पाऊस म्हटलं की आपल्याला मार्चमधला अवकाळी आठवतो, तो काही नवलाचा नाही. तिकडे गहू मे-जूनच्या सुमाराला निघतो, तेव्हा आभाळ कोरडं ठक्क असतं. म्हणून लोक घाबरले.

कॅम्पातला
'त्यांचं ऐक' हे 7, 9 आणि 22 अशा तीन ठिकाणी आहे, पण मागणं मान्य केलं म्हणजे पसंत केलं असं नव्हे. 18 वं वचन वगळू नका: राजामुळे ओरडाल त्या दिवशी उत्तर मिळणार नाही.

आणि हो, या अध्यायावरून कोणीतरी 'मग विमा नको, डॉक्टर नको' असं काढतंच. तेव्हा नहेम्या 4:9 वाचा, तिथे प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. प्रश्न साधन वापरण्याचा नाही. फ्लॅटचा हप्ता असो की मुलाची कॉलेजातली शाखा, 'सगळे तसंच करतात' हेच कारण पुढे येतं का, तेवढं विचारा. नावं घेऊन उदाहरणं मात्र नकोत, चहापर्यंत भांडण होईल.

वानवडीकर
आभारी आहे. 7:7-12 ला 5 मिनिटं, पेन्सिलीला 15, बाराव्या अध्यायाला 10 आणि चर्चेला 10. शिधा बसत नाही, तो चिठ्ठीवर छापून देतो.

पाटीपेन्सिल
चर्चेआधी 12:20-23 वाचून घ्या. चूक कबूल केल्यावर शमुवेल 'भिऊ नका' म्हणतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहतो. ते राहिलं तर लोक नुसता धाक घेऊन घरी जातील.