पिल्लू दहा आठवड्यांचं, ओरखडे चौघांच्या हातांवर: तुमचे अनुभव लिहा

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर आम्ही चार माणसं आणि दोन आठवड्यांपासून बुंदी. जर्मन शेफर्ड, मादी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, म्हणून तोवर कळ काढली. ते थांबण्याचे दिवस फार सुखाचे होते असं आता वाटतंय. चालता पाय दिसला की टाच धरते. सासूबाईंच्या दोन साड्यांचे काठ गेले. सकाळी मावशी फरशी पुसायला बसल्या की ओल्या फडक्याचं टोक दातांत धरते आणि फडकं जिकडे जाईल तिकडे पोटावर घसरत जाते. मावशींना आधी हसू येतं, मग राग. मेंढ्या वळणारी जात, टाच धरणारच, असं सगळे सांगतात. मेंढ्या कुठून आणू?

ओरडलं तर तिला तो खेळच वाटतो. ज्यांनी अशी कामाची जात लहानपणापासून वाढवली आहे त्यांनी काय केलं, आणि मुख्य म्हणजे काय चुकलं, ते लिहा. पुस्तकी सल्ले वाचून झालेत.

*

ताई, मी साताऱ्याचा, निवृत्त फौजी. आरव्हीसीत, म्हणजे लष्कराच्या जनावरांच्या खात्यात होतो, कुत्रं हाताळायला मेरठला शिकलो. नवं कुत्रं हातात आलं की उस्ताद आम्हाला सुरुवातीला हुकूम देऊच द्यायचे नाहीत. खरारा करा, खायला घाला, फिरवा, जागा साफ करा. त्याला तुमचा वास ओळखीचा होऊ द्या, मग बोला.

घरी मी तेच केलं. रोज पंधरा मिनिटं ब्रश, आणि ब्रशच्या निमित्ताने पंजा दाबून बघायचा, कान उलटून बघायचा, ओठ वर करून दात बघायचे. आता आमचा शेरू इंजेक्शनला मान हलवत नाही. दुसरं, हुकूम एकदाच. 'बस, बस, अरे बस ना' असं म्हणत राहिलं की कुत्रं चौथ्या वेळेची वाट बघायला शिकतं. आणि घरात एक शब्द ठरवा. तुमच्याकडे चौघंजण चार भाषा बोलत असणार, पैज लावतो.

*

पैज जिंकलात. मुलगा 'सिट', नवरा 'बैठ', मी 'बस', सासूबाई 'खाली बस गं बाई'.

*

मी जनावरांची डॉक्टर, नाशिकची. तीन गोष्टी घाईत लिहिते, बाहेर पेशंट आहेत.

एक, झोप. एवढं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं. घरात माणसं जागी म्हणून तेही जागं, आणि मग झोपेला आलेलं मूल जसं किरकिरतं तसं ते चावतं. संध्याकाळी सात ते नऊ जास्त चावते ना? तिला शिकवू नका, निजवा.

दोन, दात. दुधाचे २८ असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के ४२ येतात. तोवर हिरड्या शिवशिवणारच. सुती फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ते चघळायला द्या. शिजवलेलं हाड मात्र अजिबात नको, त्याच्या कपच्या होतात.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. लसीकरण १६ आठवड्यांपर्यंत चालतं, पार्वोच्या (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाच्या) भीतीने लोक तोवर पिल्लू घरात कोंडतात. पण जग ओळखीचं करून घ्यायचं वय साधारण १४ आठवड्यांना सरतं. म्हणून जमिनीवर ठेवू नका, कडेवर घ्या. रिक्षा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, ढोल-ताशा लांबून, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं कडेवरून बघू दे. जिनाही कडेवरूनच. शेफर्डच्या खुब्यांचं दुखणं जातीतच असतं, तीन मजले उड्या मारत उतरवून त्यात भर नको.

*

जतकडचा आहे. आमच्यात कारवान, शिकारी कुत्रं. मुधोळ म्हणा, सायबानं पोस्टाच्या तिकिटावर तेच नाव छापलंय, २००५ साली.

ह्या कुत्र्याला शेफर्डचे नियम लावून मी वर्ष वाया घालवलं. शेफर्ड तुमच्या तोंडाकडं बघतो, कारवान लांब माळाकडं. एकदा का नजर ससाण्यासारखी एका जागी लागली, की तुम्ही मागं आहात हे त्याच्या गावीही नसतं. ससा उठला आणि माझा पाच महिन्यांचा राजा जो गेला तो दोन तासांनी, पंजे फाडून आला. (ससा मारणं गुन्हा आहे, १९७२च्या कायद्यानं. ते लफडं वेगळंच.)

आज्यानं बघितलं आणि गळ्यात लोढणं बांधलं. आपण म्हणून म्हणतो 'गळ्यात लोढणं', हे खरोखरचं लाकूड, धावलं की पुढच्या गुडघ्यांवर आपटतं. तिसऱ्या दिवशी राजानं धावणं सोडलं आणि माझ्याकडं येणंही सोडलं. मी काढून टाकलं. आज्या चार दिवस बोलला नाही.

मग बैलाचा जुना कासरा घेतला, वीस फुटी. पट्टा रुंद, कारण ह्यांचं डोकं मानेएवढंच, अरुंद पट्ट्यातून मासोळीगत सुटतंय. भाकरीच्या वेळेला, भूक लागलेली असताना, शिट्टी. आला की भाकरी. ओढायचं नाही, कासरा फक्त पळून जाऊ नये म्हणून. आठ महिने. अजून ससा दिसला तर शिट्टीची खात्री देत नाही, खोटं कशाला बोलू.

*

माझा अनुभव लिहायला लाज वाटते, पण धागा त्यासाठीच आहे.

पुणे, रॉटवायलर, तीन महिन्यांचा. घरी येणाऱ्या प्रशिक्षकाने सांगितलं की हा तुमचा मालक होऊ पाहतोय, चावला की उताणा पाडा आणि गप्प होईपर्यंत दाबून धरा. गुरगुरला की वर्तमानपत्राची सुरळी. आम्ही मनोभावे केलं. दोन महिन्यांत गुरगुरणं बंद! पेढे वाटायचेच बाकी होते.

सहाव्या महिन्यात भाचीने त्याच्या भांड्याजवळ हात नेला. तो गुरगुरला नाही. सरळ चावला. चार टाके. मागाहून दुसऱ्या बाईंकडे गेलो, त्या म्हणाल्या, गुरगुरणं ही त्याची सूचना होती, ती देऊ नको असं तुम्हीच त्याला शिकवलंत. लांडग्यांच्या कळपातल्या 'म्होरक्या'च्या ज्या गोष्टीवर ही उताणं पाडण्याची रीत उभी आहे, ती पसरायला ज्यांचं लिखाण कारण झालं त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती खोडली होती: रानातला कळप म्हणजे बहुतेक आई-बाप आणि त्यांची पोरं. आमच्या प्रशिक्षकापर्यंत ते पोचायचं होतं.

नंतरचं वर्ष एवढंच केलं, त्याच्या भांड्याजवळ जायचं, चिकनचा तुकडा टाकायचा, निघून जायचं. आज माझा हात जवळ गेला की शेपूट हलवतो. वर्तमानपत्राची घडी घातली तर मात्र अजून पलंगाखाली जातो.

*

आम्ही स्टुटगार्टजवळ असतो, आमचाही शेफर्डच. इथे पिल्लांची शाळा असते, आणि काटेरी पट्टा लावून शिकवायला २०२२पासून बंदी आहे. वाटलं होतं कवायत करून घेतील. पहिले चार शनिवार काय शिकवलं? काही न करणं. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसायचं, समोरून कुत्री, सायकली, मुलं जाऊ द्यायची. ते शांतपणे आपल्याकडे बघेल तेव्हा एक दाणा. आईला व्हिडिओ पाठवला तर म्हणाली, एवढे पैसे भरून बसायला गेलात होय? पण त्या बसण्यावरच आमचं घर चाललंय. या जातीला पळवून दमवू म्हणाल तर ती दमत नाही, उलट आणखी तयार होते.

*

माण तालुक्यातनं. आमची मेंढरं हायती, वर्षातलं सा-आठ म्हैनं बाहेरच. आमी पिल्लाला काय बी शिकवत न्हाय. डोळं उघडल्यापासनं वाघरीतच, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीत, कोकरांत झोपतंय. कोकराचा कान धरला की मेंढी ढुशी देती, न्हाय कळलं तर म्हातारी कुत्री नरड्यावर नुसतं तोंड ठिवती. चावत न्हाय. तेवढ्यात त्येला समजतंय. तुमच्या बुंदीला घरात कुणी म्हातारी कुत्री न्हाय, ही खरी अडचण हाय बगा.

*

सात आठवड्यांनी लिहितेय. शब्द ठरला, 'बस'. मतदानात सासूबाई जिंकल्या, फक्त 'खाली' आणि 'गं बाई' कापलं. दुपारी दोन ते पाच आणि संध्याकाळी सातला तिला गॅलरीजवळच्या पेटीत, पडदा ओढून, निजवतो. टाचा बऱ्याच वाचल्या. डॉक्टर, सात ते नऊचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. 'बस' मराठीत फार वापरला जातो हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. मुलाला म्हटलं, 'बस झालं, ठेव तो मोबाइल', तर स्वयंपाकघरातून बुंदी धावत आली आणि समोर बसली. मुलगा हलला नाही. तिला दाणा दिला.

मावशींचं फडकं अजून सुटलेलं नाही. काल ते पिळताना त्यातून तांदळाएवढा दात पडला. मावशींनी तो धुऊन माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, घ्या, पहिला.