ऊसतोड टोळीची आरोग्यसेविका कोण असावी: उसाच्या फडाजवळच्या गावची आशाताई की टोळीतलीच बाई?

विषय मांडणी
2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका असा हिशेब धरला गेला. दिवाळीच्या सुमारास बीडहून सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला निघणारी आणि पुढचे चार-पाच महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारी गरोदर बाई त्या हिशेबात बसत नाही. जिथे तिचे नाव वहीत असते तिथे ती नसते, आणि जिथे ती असते तिथल्या वहीत तिचे नाव नसते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पण मूळ दुखणे त्याच्या कितीतरी आधी, हंगामभर अंगावर काढलेले असते. म्हणून प्रत्येक टोळीतल्या एका बाईला प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि मानधन द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद: आशा स्वयंसेविका, सांगली जिल्हा
मला हे पटत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दोघांवर मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) असते. ही बाई एखादीला दवाखान्यात घेऊन गेली, तर दोन कोयत्यांचा खाडा पडेल. मुकादमापुढे तिचे काय चालणार? माझ्या पाठीशी निदान प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

प्रतिसाद: शिक्षिका, ऊसतोड कुटुंबातील, बीड जिल्हा
ताई, आपण दुपारी येता, तेव्हा कोपीवर लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी थोरली बहीण एवढीच असतात. ती थोरली बहीण मी होते. आई पहाटे अंधारात फडात जायची, गाडी भरायला कधी मध्यरात्री उठायची, आणि तो फड संपला की टोळी पुढच्या शिवारात जायची. अंगावरून जाते हे तिने सांगितले ते शेजारच्या कोपीतल्या मावशीला. वही घेऊन आलेल्या परक्या बाईसमोर तिने तोंड उघडले नाही. खाड्याची अडचण खरी आहे, पण त्याची भरपाई कारखान्याने द्यावी.

प्रतिसाद: आशा स्वयंसेविका, सांगली जिल्हा
मावशीचे म्हणणे मी मान्य करते. मात्र मजूर मुकादमाचे आहेत असे म्हणणारा कारखाना भरपाई देईल, यावर माझा विश्वास नाही, आणि तोवर त्या बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम पडेल; मी स्वतः फडावर घातलेल्या फेऱ्या माझ्या मोबदल्यात कधी धरल्या गेल्या नाहीत. आधी एवढे तरी व्हावे: कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे फडावर तोडीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, रोज ठाऊक असते, तेच त्याच दिवशी आमच्या आरोग्य केंद्राला का कळवले जाऊ नये?