मार्कअप पार्सर: संदिग्ध याद्यांचं काय करावं?

धागाकर्ता: नोट्सच्या अ‍ॅपसाठी मार्कडाउनच्या (साध्या मजकुरात '-' सारख्या खुणांनी मांडणी दाखवायची पद्धत) धर्तीवर छोटा पार्सर, म्हणजे त्या खुणा वाचून मांडणी ठरवणारा प्रोग्रॅम, लिहितोय. याद्यांपाशी गाडी अडली आहे. परिच्छेदाखाली मोकळी ओळ न सोडता थेट '-' आला तर यादी धरू का? उपयादीला कुणी दोन स्पेस देतं, कुणी चार. पार्सरने अंदाज बांधावा की कडक राहावं?

अर्धविराम: अंदाज अजिबात नको. मार्कडाउनचा कर्ता जॉन ग्रूबर याच्या २००४च्या वर्णनात नेमक्या याच जागा मोघम राहिल्या आणि प्रत्येक पार्सरने आपापला अर्थ लावला. २०१४च्या कॉमनमार्कचा (मार्कडाउनचे काटेकोर लिहिलेले नियम) नियम घ्या: वरच्या मुद्द्याचा मजकूर ज्या स्तंभात सुरू होतो, निदान तिथपासून उपयादी. '- ' खाली दोन स्पेस पुरतात, चारही चालतात. '1. ' खाली मात्र तीन लागतात. '-' आधी दोनच दिल्या तर उपयादी न होता बाहेर नवी यादी सुरू होते. तक्रारी इथेच येणार. तिथे दोन स्पेस चालवायची एक सूट दिलीत तर मी नावं ठेवणार नाही, पण ती लिहून ठेवा.

मोकळ्या ओळीबद्दल: कॉमनमार्कमध्ये '-' आला की परिच्छेद तुटून यादी सुरू होते, क्रमांक आला तर मात्र तो 1 असेल तरच. कारण ओळ मोडताना '23.' सुरुवातीला आला तर उगाच यादी व्हायची.

टॅबवाला: असहमत. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि जॉट या अशाच दुसऱ्या मार्कअप पद्धती, दोन्ही यादीआधी मोकळी ओळ मागतात. नियम एका वाक्यात सांगता येतो, अपवाद पाठ करावे लागत नाहीत.

अर्धविराम: हाताने ओळी मोडणाऱ्यांसाठी ठीक. नोट्स लिहिताना कोण ओळी मोडतं? 'आणायचं:' लिहून लगेच खाली '-' टाकणार, आणि यादी दिसली नाही की अ‍ॅपला शिव्या.

धागाकर्ता: पटलं, माझ्याकडे ओळी आपोआप वळतात. '-' परिच्छेद तोडेल.

रिकामी_जागा: एक राहिलं. कॉमनमार्कमध्ये क्रमांक म्हणजे फक्त 0 ते 9 हे अंक. मराठी कीबोर्डवरून '१.' टाइप केलं तर साधा परिच्छेद! देवनागरी अंक जरूर ओळखा, पण एक्स्पोर्ट करताना 0-9 मध्ये बदला, नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये यादी मोडेल.

धागाकर्ता: हे डोक्यातच नव्हतं, आभार. मध्येच '-' चा '*' झाला तर?

रिकामी_जागा: कॉमनमार्क नवी यादी धरतो. तसंच ठेवा, लागोपाठ दोन याद्या वेगळ्या ठेवायला ती सोय आहे.