घरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, जवळून हल्ला झाला तर काय करायचं ते शिकायचंय. कुठे शिकू? (बजेट १५ हजार)

काजूवाला_सावंतवाडी
नमस्कार मंडळी. मार्च ते मे गावोगाव फिरून काजू बी घेतो. जीपे म्हटलं की अजून बऱ्याच वाड्यांत लोक तोंड फिरवतात, रोख मोजून हातात लागते, त्यामुळे सकाळी निघताना गाडीत बऱ्यापैकी कॅश असते आणि शेवटची वाडी होईपर्यंत अंधार पडतो. बाबांचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, त्यांची सत्तरी झाली म्हणून नियमाप्रमाणे परवाना माझ्या नावावर करून घेतला (कलेक्टर ऑफिसच्या चकरांवर वेगळा धागा काढेन कधीतरी). आता गंमत अशी की हे हत्यार मी आजवर फक्त पुसलंय. कोणी गाडीच्या काचेशी येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर, तर करायचं काय हे शिकायचंय. २५ मीटरवरून कागदाला भोकं पाडायची नाहीत. बजेट १५ हजार, दोन-तीन दिवस काढू शकतो. नवीन हत्यार घ्यायचं नाहीये, ते सुचवू नका प्लीज.

बागायतदार_राजापूर
प्रबल रिव्हॉल्व्हर घ्या. २०२३ ला आलंय, तेही कानपूरचंच, सिलिंडर बाजूला उघडतं, जुन्यासारखं मधून मोडावं लागत नाही. माझ्या साडूने घेतलंय, काय फिनिश आहे! लाखाच्या वर जातं पण वस्तू एकदाच घ्यायची असते.

काजूवाला_सावंतवाडी
दादा शेवटची ओळ वाचा ना.

टेक्सासचा_मामा
आमच्याकडे टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवानासुद्धा लागत नाही, तरी शनिवारी रेंजवर लाईन असते, लोक स्वतःच्या पैशाने शिकतात. तुमचं रिव्हॉल्व्हर हे आजोबांचं हत्यार झालं. ग्लॉक १९ घ्या, पंधरा गोळ्या बसतात, विषय संपला.

कुडाळचा_वकील
मामा, ९ एमएम इथे प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. तुमचा विषय तिथे संपला, इथला सुरूच झालेला नाही.

माकडांनी_छळलेला
परवान्याचं निघालंच आहे तर सांगतो. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासून. आचारसंहिता लागली की पोलिस स्टेशनला जमा करा म्हणून निरोप येतो आणि नेमकी त्याच महिन्यात माकडं नारळाचे कोवळे अडसर टाकून देतात, रानडुक्कर भात लोळवतो. निवडणूक माकडं लढवतायत का? विधानसभा झाली, लोकसभा झाली, आता पंचायत समिती. बंदूक घरात कमी आणि ठाण्यात जास्त असते.

ठासणीवाला_मंडणगड
+१. आमची परत आली तेव्हा नळीत गंज.

कुडाळचा_वकील
सरसकट सगळ्यांनी जमा करायची असं नसतं, त्यासाठी छाननी समिती असते, तिच्याकडे अर्ज करता येतो. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.

माकडांनी_छळलेला
अर्ज केला होता. समितीचा निर्णय आला तोवर भात कापून झालं होतं.

हवालदार_निवृत्त_खेड
मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, बेळगाव सेंटरला रिक्रूट शिकवलेत म्हणून बोलतो. काजूवाले भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण क्रम उलटा आहे. हातभर अंतरावर माणूस आला म्हणजे तुमचं हत्यार कमरेला, शर्टाखाली, त्यावर सीटबेल्ट, आणि तुमचा उजवा हात स्टिअरिंगवर. ते बाहेर येईस्तोवर त्याचं काम झालेलं असतं. एवढ्या जवळ पहिलं काम मोकळ्या हाताचं, त्याचा हात ढकला, डोकं वाचवा, मागे किंवा बाजूला सरका, नाहीतर सरळ गाडी पुढे काढा. गाडी चालू असताना ॲक्सिलरेटर हेच तुमचं सगळ्यात मोठं हत्यार. अंतर मिळालं तर मग बाकीचं. आणि अंतर मिळालं तर बहुतेक वेळा बाकीचं लागतच नाही.
आता कोर्स न करता घरी करायचं. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, दुसऱ्या माणसाला दाखवा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच ड्राय प्रॅक्टिस. कानपूरच्या .३२ चा घोडा आधी न चढवता ट्रिगर दाबलात तर फार जड जातो, त्या ओढण्यात नळी डावीकडे-खाली जाते, हे गोळी न उडवताही दिसतं. नळीवर रुपयाचं नाणं ठेवा, ट्रिगर ओढताना पडलं नाही पाहिजे. रोज थोडं करा. ट्रिगरवर बोट शेवटी, त्याआधी ते सरळ फ्रेमवर. आणि डाव्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढे कधीच येऊ द्यायचं नाही, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम गॅस बाजूला फेकला जातो, चामडी सोलून काढतो. पिस्तूलवाल्या व्हिडिओत दोन्ही अंगठे पुढे दाखवतात, ते रिव्हॉल्व्हरला नाही चालत.

सुरंगी
हवालदार काकांचं पटलं. पण मुळात पेपर स्प्रे का नाही? परवाना नको, काही नको, पर्समध्ये मावतो.

वेंगुर्ल्याचो_झील
सुरंगीताई, किनाऱ्यार वारो बघितलास? माझ्या भावान बंदरार मारल्यान कुत्र्यार, आणि सगळा ह्याच्याच तोंडार इला. कुत्रो बसान बघी होतो. आणि काजूवाल्या, माका एक सांग, तुका ह्या लोखंड व्हया कित्याक? रोख कमी घेऊन फिर, दोन फेरे जास्ती मार. बापाशीन तीस वर्सा बाळगल्यान, एकदा तरी काढल्यान काय?

काजूवाला_सावंतवाडी
नाय काढल्यान. पण तेव्हा रोख पण एवढी नसायची. डिझेलचे भाव बघता दोन फेरे परवडत नाहीत रे.

खळ्यातला_प्रयोग
हवालदारांच्या मुद्द्यावर एक करून बघण्यासारखी गोष्ट. १९८३ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने लेख लिहिला होता की सुरी घेतलेला माणूस २१ फूट म्हणजे जवळपास साडेसहा मीटर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि शिकलेल्या माणसालाही म्यानातून पिस्तूल काढून नेम धरून मारायला तेवढाच वेळ लागतो. आम्हा भावंडांना पटलं नाही. गणपतीला सगळे गावी जमले होते, तर खळ्यातच मोजलं. मी तुळशीपाशी उभा, कमरेला पोराचं प्लॅस्टिकचं पिस्तूल, वरून शर्ट. धाकटा भाऊ पडवीच्या पायरीवर, हातात लाकडी कालथा, त्याला हळद लावलेली. काकू म्हणाली सुरू, आणि तो सुटला. माझा हात शर्टाची कड शोधतोय तोवर पोटावर पिवळा पट्टा. परत केलं, परत पट्टा. मग ठरवलं जागेवर उभं राहायचंच नाही, तो सुटला की मी तुळशीच्या पलीकडे तिरका पळायचा आणि पळता पळता काढायचं. तेव्हा कुठे जमलं, ते पण वृंदावन मध्ये होतं म्हणून. भाऊ अठ्ठ्याण्णव किलोचा आहे हे पण लक्षात घ्या, चोर बारीक असणार.
तर गाडीतून उतरलात की तुमच्या आणि समोरच्याच्या मध्ये बोनेट, पोती, वजनकाटा, काहीतरी राहील असं उभं राहायची सवय लावा. फुकट आहे.

टेक्सासचा_मामा
ते २१ फूट आता जुनं झालं, इथे कोणी तो नियम म्हणून शिकवत नाही.

खळ्यातला_प्रयोग
नियम कोणी म्हटलं? पट्टा पिवळा होता एवढं म्हटलं.

बागायतदार_राजापूर
कुत्रा पाळा. आमच्याकडे डॉबरमन आहे, परवा एलआयसीवाला फाटकातूनच परत गेला.

कुडाळचा_वकील
थोडं कायद्याचं, कारण हे कोणीच शिकवत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून (आधी आयपीसी ९६ ते १०६). गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही हे ३७ मध्ये. समोरच्याचा जीव गेला तरी चालेल असे प्रसंग ३८ आणि ४१ मध्ये मोजून दिलेत. जबरी चोरी त्यात आहे, साधी चोरी तशी सरळ नाही. म्हणजे कोणी पैशाची पिशवी उचलून पळत सुटला आणि तुम्ही पाठीत गोळी घातली तर कोर्टात तुम्ही आरोपी म्हणून उभे राहणार, पुढची काही वर्षं काजू कोणीतरी दुसरा घेणार. आणि लग्नात वगैरे हवेत बार काढलात तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे तुम्हाला नाही, वाचणाऱ्यांना.

आंबा_घाट
कोणी सांगत नाहीये म्हणून मी सांगतो, कोल्हापूरला जा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे सगळे तिकडचे, २०२४ ला पॅरिसला स्वप्निलने पदक आणलं. नेमबाजी तिथे मातीत आहे. रायफल क्लबमध्ये महिनाभर एअर पिस्तूल चालवा, हात स्थिर झाला की बाकी सगळं येतं.

हवालदार_निवृत्त_खेड
सुरक्षित हाताळणीसाठी उत्तम, जरूर जावं. पण ते एका हाताने, ठरलेल्या अंतरावर, निवांत श्वास घेऊन मारायचं. भाऊंना हवंय ते वेगळं. जवळ कसं धरायचं म्हणजे हात लांब करायचाच नाही, कोपर मागे, मनगट बरगडीला टेकवून, नाहीतर समोरचा तेच हत्यार पकडतो. एक गोष्ट मात्र तुमच्या आजोबांच्या हत्याराच्या बाजूची: पिस्तुलाचं तोंड अंगाला दाबलं गेलं तर स्लाइड मागे सरकते आणि ते उडतच नाही. रिव्हॉल्व्हरला ती भानगड नाही.

ठासणीवाला_मंडणगड
वरती गंजाचं लिहिलं होतं, कोणी बघितलं नाही म्हणून परत लिहितो. कोकणात राहून हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात बंद करू नका. चामडं पावसाळ्यात पाणी ओढतं आणि जिथे टेकतं तिथे लोखंड खातं. आमच्या काकांच्या रिव्हॉल्व्हरवर होल्स्टरच्या शिलाईची रेघ उमटलीय, टाका न् टाका मोजता येतो. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात, डब्यात, सोबत सिलिका जेल. आणि गोळ्या बघा. पितळेवर हिरवं चढलं असेल तर त्या गोळीवर जीव टाकायचा नाही. रेंजवर गोळी उडाली नाही तर नळी समोरच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडून बघायचं नाही, कधी कधी उशिरा उडते.

काजूवाला_सावंतवाडी
हे भारी सांगितलंत. आत्ताच काढून बघितलं, बाबांच्या गोळ्यांतल्या चार हिरव्या आहेत. होल्स्टर पण चामड्याचंच.

माकडांनी_छळलेला
त्या चार मला द्या, माकडांना दाखवतो.

कुडाळचा_वकील
गंमतीत पण असं लिहू नका हो. गोळी दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच. खराब झालेल्या गोळ्या परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करा.

काजूवाला_सावंतवाडी
दोन दिवस सगळं परत वाचलं, सगळ्यांचे आभार. शेवटी पुण्याजवळ फार्महाऊसवर एक जण दोन दिवसांचा कोर्स घेतो तो बुक केला. १८ हजार. प्लॅस्टिकच्या छऱ्यांची पिस्तुलं, हेल्मेट घालून एकमेकांवर, गाडीत बसवून पण करून घेतात.

हवालदार_निवृत्त_खेड
अरे! त्याचे व्हिडिओ बघितलेत मी. ड्रोन, धूर, काळे गॉगल. खरी रेंज आहे का त्याच्याकडे?

आंबा_घाट
१८ हजारात कोल्हापुरात सहा महिने झाले असते.

बागायतदार_राजापूर
अजून थोडे घातले असते तर डॉबरमन आला असता.

काजूवाला_सावंतवाडी
खरी रेंज नाही, म्हणूनच घेतला. माझ्या परवान्यावर क्षेत्र फक्त सिंधुदुर्ग जिल्हा लिहिलंय, बाबांना कधी बाहेर न्यायची गरजच पडली नव्हती. तेव्हा कोल्हापूर काय नि पुणे काय, रिव्हॉल्व्हर सोबत नेताच येत नाही. क्षेत्र वाढवायला अर्ज टाकलाय, तो येईल तेव्हा येईल, सिझन त्याच्यासाठी थांबणार नाही. आणि खरं सांगायचं तर हळदीचा कालथा वाचल्यापासून मला गोळी मारायला शिकण्यापेक्षा कोणीतरी अंगावर धावून आल्यावर कसं वाटतं ते बघायचंय.

हवालदार_निवृत्त_खेड
ठीक. मग गॉगलवाल्याला पहिल्याच दिवशी विचार, हत्यार न काढता सुटायचं किती वेळ शिकवणार. उत्तर देताना हसला तर दुसऱ्या दिवशी जाऊ नको. आणि घरची ड्राय प्रॅक्टिस सोडू नको.

वेंगुर्ल्याचो_झील
आंबोलीसून जातलंस तर धुक्यात हळू हाक. चोरापेक्षा थंय जास्ती लोक पडतत.

ओसरगावचा_नवीन
नमस्कार, आजच जॉइन झालो, सगळा धागा वाचला नाही. बी सध्या काय दराने घेताय? माझ्याकडे सहा पोती आहेत, चांगली सुकवलेली.

काजूवाला_सावंतवाडी
मेसेज करतो. दर इथे नको.