मदत हवी आहे: पाचगणीच्या गारव्यात वाढलेल्या मुलींना बँकॉकच्या उकाड्यासाठी कसं तयार करू?

नमस्कार मंडळी,

पाचगणीत मी 15 वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवते. वार्षिक परीक्षा आटोपली की एप्रिलअखेर संघ एका युवा स्पर्धेसाठी बँकॉकला निघतोय. बहुतेक जणींचा हा पहिलाच परदेश प्रवास. पासपोर्ट-तिकिटांचं सगळं मार्गी लागलंय, पण मला घोर लागलाय तो तिथल्या उन्हाचा.

आमचं गाव 1300 मीटरच्या आसपास उंचीवर. एप्रिलातसुद्धा सकाळच्या सरावाला पोरी पातळ जॅकेट घालून येतात. बँकॉकला मात्र एप्रिल म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला महिना. पारा 35 च्या वर आणि हवा दमट. त्यात वेळापत्रकात आमचा एक सामना दुपारी 1 ला आणि दुसरा 3 ला लावलाय. लहान मुलींचे सामने भर दुपारी ठेवणं मला साफ नापसंत आहे, आणि तसं मी आयोजकांना कळवणारच आहे.

अंदाज यावा म्हणून मागच्या आठवड्यात पसरणी घाट उतरून वाईला दुपारचा सराव घेतला. आमची डावी विंगर एरवी शिट्टी होईपर्यंत पळत असते. अर्ध्या तासात तिच्या पोटरीत असा गोळा आला की तिला उचलून सावलीत आणावं लागलं. जर्सी वाळल्यावर पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. दुसरीने एका दमात बाटलीभर पाणी प्यायलं आणि लगेच ओकली.

पालक आपापल्या परीने सुचवतायत: कोकम सरबत, ताक, गूळ-पाणी. एकीच्या आजीने खिशात ठेवायला कांदे द्यायचं कबूल केलंय, तेही मी प्रेमाने घेणार आहे. पण मला नेमकं हवंय. मोठे संघ अशा ठिकाणी जाण्याआधी काय करतात आणि त्यातलं लहान मुलींना काय झेपेल? पाणी किती आणि मीठ किती? दुपारच्या सामन्यात पाण्यासाठी खेळ थांबवा असं हक्काने मागता येतं का? कुणी असा संघ नेला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मिरजेचा फिजिओ:

ताई, वाईला उतरलात हे उत्तम केलंत. तेच वाढवा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे तेवढ्याच पळण्याला नाडी कमी चढते. पुढे घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तुमच्या विंगरच्या पाठीवरचे पट्टे त्याने हळूहळू फिके पडतील. पण सवय सुटली की दोन-तीन आठवड्यांत हा फायदा ओसरतो, म्हणून ही तयारी प्रवासाला अगदी लागून हवी.

सुरुवात 20-25 मिनिटांच्या हलक्या पळण्याने करा आणि दर दिवशी थोडं वाढवत तासा-सव्वा तासापर्यंत न्या. पहिल्याच दिवशी पूर्ण सामना खेळवू नका. वाईचं ऊन कोरडं आणि बँकॉकचं दमट, हा फरक उरतोच. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि अंग थंड होतं ते घाम वाळण्याने. त्यामुळे जमलं तर तीन-चार दिवस आधी पोचा आणि तिथे पहिले दोन दिवस हलकाच सराव ठेवा. मोठे खेळाडू सरावानंतर गरम पाण्याच्या टबात बसूनही सवय करतात. पोरींच्या बाबतीत ते नको.

पाण्याचं एकच माप सगळ्यांना लावू नका. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकीचं वजन करा, घाम पुसून, कमी कपड्यांत. 40 किलोच्या मुलीचं 800 ग्रॅम घटलं तर 2 टक्के झाले. त्यापुढे खेळ ढासळतो. जेवढं घटलं त्याच्या सव्वा ते दीड पट पुढच्या काही तासांत थोडं थोडं करून भरून काढायचं. वजन वाढलेलं दिसलं तर ती गरजेपेक्षा जास्त पितेय. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. ताक आणि मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलंच. भरपूर घाम गाळणाऱ्यांसाठी ओआरएस ठेवा, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून देऊ नका.

कऱ्हाडचा स्टॉपर:

खेळ थांबवण्याबद्दल मी सांगतो. 2014 च्या ब्राझील विश्वचषकात फोर्टालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात दोन्ही हाफमध्ये असा अधिकृत थांबा दिला गेला. मेक्सिको 1-0 ने पुढे होता. डच प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी त्या थांब्यात संघाची मांडणी बदलली, 88 व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि मग भरपाई वेळेत मिळालेल्या पेनल्टीच्या गोलने डचांनी सामना 2-1 ने जिंकला. म्हणजे थांब्यात काय सांगायचं तेही आधीच ठरवून ठेवा.

तेव्हा मर्यादा होती डब्ल्यूबीजीटी 32 अंश. हा साधा पारा नव्हे. त्यात दमटपणा, ऊन आणि वारा सगळं धरतात. खेळाडूंची संघटना फिफप्रो तर 26 लाच थांबा द्या आणि 28 च्या वर सामना पुढे ढकला म्हणते. 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने हवामान कसंही असो, प्रत्येक हाफमध्ये 3 मिनिटांचा थांबा ठरवला. आयोजकांना पत्र लिहाल तेव्हा हे सगळं लिहा. मोठ्या पुरुषांना जे मिळतं ते 14 वर्षांच्या मुलींना मिळायलाच हवं.

आणखी एक. 2025 च्या क्लब विश्वचषकात अमेरिकेत सिनसिनाटीला जर्मन क्लब डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी उन्हामुळे पहिला हाफ ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिला. तुमच्या बदली मुलींनाही उन्हातल्या बाकावर बसवू नका.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा काटा आजच मागवला. वाईच्या मैदानासाठी बोलणं झालंय, रोज दुपारी टेम्पो ट्रॅव्हलरने उतरायचं आणि संध्याकाळी वर. पालक एक प्रश्न सारखा विचारतायत: एखादी मुलगी मैदानात खरंच कोसळली तर आपण पहिलं काय करायचं?

मिरजेचा फिजिओ:

बरळायला लागली, अडखळत चालली, विचारलेल्याला भलतंच उत्तर दिलं, तर उष्माघात धरूनच चाला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, खेळताना झालेल्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. शरीराचं आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. एकाने अँब्युलन्सला फोन करायचा, बाकीच्यांनी तिला बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवायचं, डोकं वर धरून, आणि एकाने तिला सोडायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात हे झालं तर जीव वाचतो. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, दर मिनिटाला बदलत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आयोजकांना दोन गोष्टी लेखी विचारा: मैदानाशेजारी टब आणि बर्फ असेल का, आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं. नाही म्हणाले तर मुलांच्या अंघोळीचा फुगवायचा मोठा टब इथूनच घेऊन जा, सामानात सहज मावतो. बर्फ तिथे सकाळीच विकत घेऊन ठेवा.

धागाकर्ती:

टबची ऑर्डर दिली. आयोजकांच्या पत्राचा मसुदा रात्री इथेच टाकते, कऱ्हाडच्या दादांनी कृपया नजरेखालून घालावा. दुपारचा 1 चा सामना सकाळी 8 ला घ्या अशी मागणी सगळ्यात वर लिहितेय.